जपानचा डबा

मी बढाईखोर माणूस नाही. हे वाक्य मी घरात उच्चारलं की आमची प्रतिभा हटकून खोकते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बरोबर याच वाक्यावर येणारा तिचा खोकला काही गेला नाही. असो. खोकला येवो की ठसका, मी सांगणारच. भारत, जपान आणि हॉलंड या तीन देशांनी उद्याच्या तंत्रज्ञानाबद्दल एकत्र बसून जे काही ठरवायला घेतलंय, त्यात पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या स्वयंपाकघराचा हात आहे. हात म्हणजे खराखुरा हात. माझ्या आईचा, उजवा.

आता तुम्ही म्हणाल, नाशिकच्या स्वयंपाकघराचा आणि जपानचा संबंध काय? थांबा. घाई करू नका. आमच्या शेजारच्या आप्पांसारखं मध्येच बोलायचं नाही.

सिन्नरच्या एमआयडीसीत माझं आणि नवनाथचं भागीदारीत एक वर्कशॉप आहे. नवनाथ यंत्रं सांभाळतो आणि बोलायचं सगळं काम माझ्याकडे. ही वाटणी देवानेच करून पाठवली होती, कारण नवनाथ दिवसाकाठी दोन वाक्यं बोलतो आणि त्यातलं एक 'चहा सांगा' असतं. आम्ही तांब्याच्या मिश्रधातूची एक स्प्रिंगची पत्ती बनवतो. तांदळाच्या कणीएवढी. चिप तयार झाली की ती धड आहे का नाही हे बघणारं एक यंत्र असतं. त्यात अशा शेकडो पत्त्या बसतात आणि डॉक्टर नाडी बघतो तशी त्या चिपची नाडी बघतात. आमची पत्ती पुण्याच्या एका कंपनीत जाते, तिथून जपानला आणि जपानहून कशाच्या तरी पोटात बसून हॉलंडला. लग्नकार्यात कोणी 'सध्या काय चाललंय?' असं विचारलं की मी हे सगळं नीट समजावून सांगतो. ऐकणारा हॉलंड यायच्या आत पंगतीला पळतो.

तर गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता पुण्याच्या कंपनीतून कळवलं गेलं की, तिन्ही सरकारांचा एक करार होऊ घातलाय. चिप ही आता साधी वस्तू राहिलेली नाही, मोबाईलपासून तोफेपर्यंत सगळ्याच्या आत ती असते. तेव्हा तिच्या साखळीतली प्रत्येक कडी कोण, कुठली, तिच्या दाराला कुलूप कसलं, हे तिघांनाही ठाऊक असलं पाहिजे. जी कडी तपासून पास होईल तिचं नाव 'विश्वासू पुरवठादार' या यादीत जाईल. यादीत नाव नसलेल्याची पत्ती उन्हाळ्यानंतर कोणी हातात धरणार नाही.

आमचं तीन चतुर्थांश काम म्हणजे ही पत्ती. यादीत नाव नाही म्हणजे वर्कशॉपला टाळं. मी नवनाथला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चहा सांगा."

घरी येऊन मी आप्पांना गाठलं. रंगनाथ आप्पा म्हणजे आमचे शेजारी. गाव दिंडोरीकडे, द्राक्षबाग तिकडे, मुलांच्या शाळेसाठी बंगला इकडे. आप्पांचा कुठल्याही विषयावर सल्ला तयार असतो, फक्त तो द्राक्षातून जातो. प्रतिभाच्या गुडघेदुखीवरसुद्धा त्यांनी छाटणीचं उदाहरण दिलं होतं.

"विलासभाऊ, एवढ्यासाठी तोंड पाडून बसले?" आप्पा म्हणाले. "कडी कोणती, माल कुठला, हे हॉलंडवाल्याचं नवं नाय. आमच्या द्राक्षाला लय वर्षांपासून हाय ते. पेटीवरचा नंबर दाबला की तिकडं त्याला कळतं, हा घड रंगनाथच्या कोणत्या प्लॉटातला, कोणत्या तारखेला फवारा मारला. आपल्या पोराची जन्मतारीख मला पाठ नाय, पण प्लॉटाची पाठ हाय. फक्त एक ध्यानात ठेवा. खोटं लिहायचं नाय अन् काही सोडायचं नाय. एक गोष्ट सोडली की अख्खा कंटेनर वापस."

हा सल्ला मी शब्दशः पाळला आणि तिथेच पहिली माशी शिंकली. पुण्याहून आलेल्या प्रश्नावलीत विचारलं होतं, 'आवाराची चावी कोणाकोणाकडे असते?' आता आमच्या वर्कशॉपची चावी सखुबाईंकडे असते. सखुबाईंची आमच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. आमचीच काय, ओळीतल्या सगळ्या वर्कशॉपांच्या चाव्या त्यांच्या पत्र्याच्या डब्यात असतात, साखरेच्या शेजारी. सकाळी ज्याला जी हवी ती चावी चिकट होऊन मिळते. यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मी खरं ते लिहिलं. पुण्याहून तातडीने फोन आला, "शेवाळे, या सखुबाई कोण? कर्मचारी? कंत्राटदार?" मी म्हटलं, "चहावाल्या." पलीकडून स्पेलिंग विचारलं गेलं.

शेवटी असं ठरलं की सखुबाईंना 'अधिकृत किल्लीधारक' करायचं. त्यांचा फोटो काढला, पोलिसांकडून दाखला आणला, गळ्यात घालायचं ओळखपत्र केलं. सखुबाईंनी ते कार्ड गळ्यात अडकवून चहा गाळायला सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या टपरीवरचं निम्मं गिऱ्हाईक त्यांच्याकडे आलं. "तीन देशांनी दिलंय," असं त्या सांगत. मी दुरुस्त केलं नाही.

मग आला तो डबा.

जपानच्या प्रयोगशाळेने नमुन्याच्या पत्त्या पाठवल्या होत्या, आमच्या पत्त्या त्यांच्याशी ताडून बघायला. त्या ज्यातून आल्या तो डबा म्हणजे काय सांगू! राखाडी रंगाचा, हाताला मऊ लागणारा, आत काळा फोम, त्यात खाचा, वर जपानी अक्षरं. आपल्याकडे एवढ्या चांगल्या डब्यात नवरीचे दागिने देतात. सोबत प्लॅस्टिकचं एक नंबरचं सील होतं. सूचना अशी की, नमुने ठेवून घ्यायचे, रिकामा डबा सील लावून परत धाडायचा आणि सोबतच्या कागदावर 'रिकामा' या शब्दासमोर टिक करायची. पोरालाही जमेल एवढं सोपं काम. पण सिन्नरला कुरियरवाला शनिवारी फिरकत नाही, म्हणून मी डबा घरी आणला, ओट्यावर ठेवला आणि दाढी-कटिंगला गेलो.

दिवाळी नुकतीच झाली होती.

परत आलो तर सील लागलेलं.

"आई, सील कोणी लावलं गं?"

"मी लावलं. अशी खाच होती, त्यात दाबलं, कट्ट झालं. उघडा कशाला ठेवायचा? मुंग्या लागत्यात."

जपानच्या रिकाम्या डब्याला मुंग्या कशाला लागतील, हा प्रश्न शहाण्या माणसाच्या डोक्यात यायला हवा होता. पण मी तेव्हा शहाणा नव्हतो, अभिमानी होतो. पंचाहत्तरी ओलांडलेली माझी माय, येवल्याकडच्या खेड्यात चार बुकं शिकलेली, आणि तिने आंतरराष्ट्रीय सील पहिल्या झटक्यात बरोबर लावलं! मी लगेच कुंपणावरून आप्पांना हे सांगितलं. प्रतिभालाही शाळेत फोन करून सांगितलं, तिचा तास चालू असताना. कुरियरवाला आला, त्याने वजन केलं, आकडा लिहिला, मी आकड्याकडे न बघता 'रिकामा'समोर अशी ठसठशीत टिक केली की कागद फाटायचा राहिला.

आठवडाभराने मेल आला. विषयाची ओळ सगळी मोठ्या अक्षरांत होती आणि तिच्यावर लाल बावटा. 'रिकामा' म्हणून नोंदवलेल्या डब्यात 'अज्ञात, दाणेदार, तेलकट, सेंद्रिय पदार्थ' सापडला आहे. सील शाबूत. म्हणजे पदार्थ पुरवठादाराच्या ताब्यात असतानाच घातला गेला. खुलासा होईपर्यंत आपलं नाव यादीच्या विचारातून बाजूला ठेवण्यात येत आहे. प्रती रवाना: पुणे, दिल्ली, हॉलंड.

घातपात! आमच्या वर्कशॉपमध्ये! मी मनातल्या मनात शत्रू मोजायला लागलो, तर गेल्या वर्षी पार्किंगवरून भांडलेला एक माणूस सोडला तर कोणी सापडेना. मी नवनाथला विचारलं, "तू डब्यात काही घातलंस?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न गिळला. कारागिरांना एकेक करून बोलावलं. 'दाणेदार आणि तेलकट' म्हणजे ग्रीस आणि लोखंडाचा कीस असेल, असा माझा कयास होता. सगळ्यांनी नाही म्हटलं. मग राहिलं कोण? ज्यांच्याकडे चावी.

मी सखुबाईंकडे गेलो आणि जे बोलायला नको होतं ते बोललो. "सखुबाई, खरं सांगा, आपल्या मागं कोणी आत गेलं होतं का?"

त्यांनी गाळणी खाली ठेवली. गळ्यातलं कार्ड काढलं, पदराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "घ्या तुमचं. शेवाळे शेठ, साखरेशेजारी चाव्या होत्या तेव्हा तुमचा इस्वास होता. कार्ड दिलं तसा गेला का?"

मला इतकी लाज वाटली की चहाही न पिता मी परत फिरलो. कार्ड खिशात होतं आणि सिन्नर ते नाशिक सगळ्या रस्त्यात ते टोचत होतं.

रात्री जेवायला बसलो. आई जेवता जेवता मला भाकरी वाढत होती. म्हणाली, "का रे इलास, त्या जपानवाल्यांचा काही निरोप?"

"आला ना," मी म्हटलं. "आला."

"मग? चिवडा आवडला का त्यांना?"

प्रतिभाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. मी आईकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकेक शब्द जागेवर बसत होता. दाणेदार. तेलकट. सेंद्रिय.

"आई! तू त्या डब्यात चिवडा घातलास?"

"मग काय रिकामा धाडू?" आई म्हणाली. तिला माझ्या ओरडण्याचं कारणच कळेना. "शेजारणीची वाटी आली तर आपण रिकामी देत नाय. चिमूटभर साखर तरी घालतो. अन् हा तर मेला सात समुद्र ओलांडून आलेला. त्यांनी काय म्हटलं असतं, शेवाळ्यांकडं दिवाळीला काही करत नाय का? त्या फोमात नीट बसंना, म्हणून आधी पिशवीत घातला, मग दाबला."

मी काय बोललो ते आता आठवायचं नाही. एवढं आठवतं की वर्कशॉप, यादी, टाळं, देशाची अब्रू, असे बरेच शब्द त्यात होते. आईने ताट बाजूला सारलं आणि आत गेली. तिने कोणाचं वाईट केलं नव्हतं, आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं, आणि तिच्यासमोर मी दिल्लीचा साहेब झालो होतो. प्रतिभा मला म्हणाली, "अहो, वजन न बघता टिक कोणी केली?" एवढं म्हणून ती खोकलीही नाही.

सकाळी आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा आधी पोटभर हसले. मग गंभीर झाले, म्हणजे मला वाटलं गंभीर झाले. "भाऊ, चिवडा तर चिवडा. माल निघालाच हाय तर आता त्याचे कागद करा. पोहे कुठले, दाणे कुठले, मिरची कुठली, सगळ्याचा प्लॉट द्या. एक बी सोडू नका."

आई रुसलेली होती, पण चिवड्याची माहिती विचारल्यावर तिच्याने राहवेना. ती सांगत गेली, प्रतिभा इंग्रजीत टंकत गेली. पोहे रविवार कारंजावरच्या नेहमीच्या दुकानातले. शेंगदाणे येवल्याजवळ मामांच्या शेतातले, दाणे भाजले आईने. सुकवलेला कांदा आमच्याच गावचा. मिरची आप्पांच्या बांधावरची. ते ऐकून आप्पांनी छाती फुगवली, आपणही आता साखळीत आलो म्हणून. तेल, मीठ, हळद, पिठीसाखर, सगळं आलं. राहिला कढीपत्ता.

"कढीपत्ता लताचा," आई म्हणाली. लताबाई म्हणजे माझी मावशी. काका तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, घर देवळाली कॅम्पात.

खोटं लिहायचं नाही, काही सोडायचं नाही. मी सांगितलं, "प्रतिभा, लिही. कढीपत्ता, उगम: देवळाली कॅम्प, तोफखान्याच्या भिंतीलगत, निवृत्त सुभेदाराच्या ताब्यातील झाड." प्रतिभाने दोनदा विचारलं, "भिंत लिहायचीच का?" मी म्हटलं, "लिहायचीच. अख्खा कंटेनर वापस येतो."

दुसऱ्या दिवशी दिल्लीहून उत्तर आलं. 'सदर पानाच्या लष्करी उगमाबाबत तातडीने स्पष्टीकरण द्यावे. पदार्थ नागरी तसेच लष्करी असा दुहेरी वापराचा आहे काय? तिन्ही देशांच्या प्रतिनिधींसह व्हिडिओ बैठक बोलावण्यात येत आहे.'

आमच्या कढीपत्त्यावर तीन देशांची बैठक! इतकी वर्षं त्या झाडाला कोणी पाणीसुद्धा मनापासून घातलं नव्हतं.

बैठकीची वेळ सगळ्या देशांना सोयीची काढली होती, म्हणजे आमच्या जेवणाची. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, मागे भिंतीवर चार्जरची वायर दिसू नये म्हणून प्रतिभाने पैठणी टांगली. मी कोट घातला. आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मिरचीचे पुरवठादार या नात्याने हजर. आईला मी सांगितलं होतं, तू आतच थांब. त्या दिवसापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती.

पडद्यावर जपानच्या मोरिताबाई आल्या. पिकलेले आखूड केस, चष्मा, चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती. हॉलंडचे डिर्कसाहेब आले, त्यांच्याकडे अजून नीट उजाडलंही नव्हतं. दिल्लीचे अधिकारी आले आणि आल्या आल्या पेन उघडून बसले. मी चार दिवस पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं. 'आमच्या प्राचीन संस्कृतीमध्ये' इथपर्यंत बरं गेलं. तेवढ्यात आमच्या कुकरने शिट्टी दिली.

डिर्कसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "हा कसला अलार्म?"

"वरण," आप्पा म्हणाले.

मी पुन्हा सुरुवात केली. 'रिकामा', 'परतफेड', 'आदरातिथ्य' यांचे इंग्रजी शब्द एकदम आठवेनासे झाले आणि जे आठवले ते करारात बसेनात. मी म्हणालो की, रिकामेपणा आमच्या घरात कायदेशीर नाही. दिल्लीवाल्यांनी ते लिहून घेतलं. नवनाथचं दोन वाक्यांचं धोरण किती शहाणपणाचं आहे हे मला तेव्हा कळलं.

"सरक," मागून आवाज आला. आई बाहेर आली होती. पदर डोक्यावर, कपाळावर ताजं कुंकू. तिने मला कोपराने बाजूला केलं आणि कॅमेऱ्यासमोर बसली. जपान लांब आहे हे लक्षात घेऊन ती मोठ्याने बोलली.

"बाई, डबा मी भरला. ह्याला ठाऊक नव्हतं, ह्याच्यावर रागवू नका. अन् त्या चहावाल्या बाईवर तर मुळीच नका. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाय, असं माझ्या आईनं मला शिकवलं. रिकामं भांडं म्हणजे संबंध संपला. तुमचा डबा एवढ्या लांबून आला, तुमचा अन् ह्याचा संबंध राहावा म्हणून मी भरला. चुकलं असंल तर मला सांगा."

प्रतिभाने एकेक वाक्य इंग्रजीत केलं. ती शाळेत इंग्रजीच शिकवते, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द तोलून टाकत होती. ह्याच्यावर रागवू नका म्हणे! आणि मी तिला जेवत्या ताटावरून उठवलं होतं.

मोरिताबाईंनी चष्मा काढला आणि बरंच बोलल्या. प्रतिभाने आम्हाला सांगितलं, "त्या म्हणताहेत, त्यांच्या आजीच्या गावी असंच होतं. शेजाऱ्याचा डबा परत करताना आजी आत काही तरी घालायचीच. काही नसलं तर काडेपेटी, नाही तर कोऱ्या कागदाचा एक ताव. त्या शहरात आल्या, नोकरीला लागल्या, आणि विसरून गेल्या."

"काडेपेटी चालती की," आई म्हणाली. "नाय कशाला?"

दिल्लीचे अधिकारी खाकरले. "मॅडम, तो लष्करी पानाचा मुद्दा राहिला. त्याचा वापर दुहेरी आहे का?"

प्रतिभाने विचारलं. आई म्हणाली, "हाय की. फोडणीला अन् केसाच्या तेलाला."

त्यांनी तेही लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

एवढ्यावर बैठक संपली असती, पण डिर्कसाहेब जागे झाले होते. त्यांनी मोरिताबाईंना विचारलं, "हे तुमच्या लक्षात आलं कसं? वजनावरून?" मोरिताबाई जरा अवघडल्या. वजन कोणी बघितलंच नव्हतं. कुरियरवाल्याने आकडा लिहिला होता, तो इथून तिथपर्यंत कागदावर बसून गेला होता. 'रिकामा' म्हटलेले डबे सरळ गोदामात जातात, ते कोणी उघडत नाही. पण गोदामाचा राखणदार म्हणाला, या डब्याला खमंग वास येतोय.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तीन देश, एवढी सीलं, एवढ्या प्रश्नावल्या, आमच्या सखुबाईंचा पोलीस दाखला. आणि 'रिकामा' एवढा एक शब्द लिहिला की काहीही, कुठेही, कोणीही पाठवू शकत होतं. चिवड्याच्या जागी दुसरं काही असतं, बिनवासाचं, तर कोणाला पत्ता लागला नसता. डिर्कसाहेबांनी डोक्याला हात लावला. आप्पा मला मराठीत म्हणाले, आणि तेही मोठ्याने, "बघा! कंटेनर भरून जाताना दहा जण तपासत्यात, रिकामा येताना कुत्रं बी हुंगत नाय."

"त्यांनाही सांगू का?" प्रतिभाने विचारलं.

"सांग," मी म्हटलं. "कुत्रं वगळून."

बैठकीनंतर कोट न काढता मी आईच्या पाया पडलो. ती म्हणाली, "आधी जेव. वरण निवलं." मग मी सिन्नरला गेलो. सखुबाईंसमोर उभा राहिलो, काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं आणि "चुकलो" असं चार गिऱ्हाइकांदेखत म्हटलं. कार्ड पुढे केलं. त्यांनी मला पुरा एक चहा उकळेपर्यंत उभं ठेवलं, मग मान पुढे केली. ते मी घालावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी घातलं. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. नवनाथ गेटात उभा राहून बघत होता आणि मला शपथेवर सांगता येईल, तो हसला.

त्यानंतर बरेच दिवस शांतता. आप्पांच्या बागेत मणी भरले, गोडी उतरायला लागली, तरी मेल नाही. मी दिवसातून किती वेळा मेल बघायचो ते प्रतिभाला विचारा, नको, नका विचारू. आणि एक दिवस तो आला. विषयाच्या ओळीत लाल बावटा नव्हता. 'शेवाळे-नवनाथ कॉम्पोनंट्स, सिन्नर, जिल्हा नाशिक' हे नाव विश्वासू पुरवठादारांच्या यादीत. मी ते नवनाथला वाचून दाखवलं. त्याने ते स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "आईंना सांगितलं का?" हे त्याचं त्या दिवसाचं दुसरं वाक्य होतं आणि त्याने ते आईवर खर्च केलं.

पण खरी गोष्ट मेलच्या पोटात होती. कराराच्या मसुद्यात एक नवं कलम घातलं होतं. यापुढे तिन्ही देशांमधून फिरणारा कोणताही डबा रिकामा परत येणार नाही. परत करताना त्यात काही तरी भरायचं, काय भरलं ते लिहायचं, वजन करायचं आणि दोन्ही टोकांना ते ताडून बघायचं. 'रिकामा' हा शब्द आणि त्याच्यापुढचा टिक करायचा चौकोन कागदावरून काढून टाकण्यात आला आहे. खाली बारीक अक्षरात तळटीप होती: ही पद्धत नाशिक येथील एका घरात आढळली.

एका घरात! माझ्या घरात! मी ती तळटीप मोठी करून छापली, चौकटीत बसवली आणि दिवाणखान्यात लावली. आलेल्या प्रत्येकाला ती दाखवतो. प्रतिभा खोकत नाही. उलट पाहुणे आले की तीच म्हणते, "अहो, ते दाखवलं का?" आप्पा तर दिंडोरीत सांगत फिरतात की, हॉलंडच्या कायद्यात आपली मिरची गेलीय. आईला मी कलम मराठीत करून सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढी शिकलेली माणसं, अन् हे आत्ता कळलं व्हय त्यांना?" पण संध्याकाळी ती लताबाईंना फोनवर तेच कलम सांगत होती, आणि तिने त्यात दोन देश वाढवले होते.

गेल्या महिन्यात नवे नमुने घेऊन डबा पुन्हा आला. तोच, राखाडी. नमुन्यांच्या खाली एक पातळ पाकीट होतं. त्यात पांढऱ्या कागदाचा एक ताव, घडी घातलेला, कोरा. सोबत मोरिताबाईंची चिठ्ठी: विमानात काडेपेटी चालत नाही, म्हणून कागद. वजन लिहिलं आहे, ताडून बघावं.

मी वर्कशॉपमधला सोनाराच्या काट्यासारखा बारीक काटा मागवला आणि ताडून बघितलं. बरोबर होतं. आईने तो कागद दोन्ही हातांनी सपाट केला, त्याला हुंगलं आणि देवघरात पोथीखाली ठेवला.

"चला," मी म्हटलं, "फिटली म्हणायची तुझ्या चिवड्याची उधारी."

"फिटली कशी?" आई म्हणाली. "डबा आता आपल्याकडं आलाय ना? ठेवून घेता येत नाय. अन् रिकामा धाडायचा नाय, हे तर आता सरकारनं बी लिहिलंय."

"अगं, म्हणजे तू चिवडा घालणार, त्या पुन्हा काही तरी घालणार, तू पुन्हा घालणार! हे थांबायचं कधी?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही तरी अडाण्यासारखं विचारलं होतं.

"थांबायचं कशाला?" ती म्हणाली. "फोन लाव लताला. कढीपत्ता लागंल."